नववा ड्रम

वर्षाराणीनं ओढणी कमरेला बांधली की औसा रोडवरच्या त्या घरातल्या वस्तू जीव मुठीत धरून बसत. तिचा नियम एकच होता. वर्षभरात ज्याला हात लागला नाही, ते घराबाहेर. मग ते कुणाचंही असो आणि त्याला कितीही मोठी आठवण चिकटलेली असो. या नियमात नवऱ्याची, म्हणजे आनंदराजची, कॉलेजातली बॅट गेली. मुलगी वैष्णवी, तिची बालवाडीपासूनची चित्रं गेली. स्वतःच्या लग्नातला शालूसुद्धा वर्षाराणीनं मावसबहिणीच्या लेकीला देऊन टाकला, आणि शालूच दिला म्हटल्यावर बाकीच्यांना बोलायला तोंड उरलं नाही. लातुरातल्या एका क्लासमध्ये ती अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची. नियम म्हणजे नियम, तो माणूस बघून बदलत नाही, हे वाक्य ती वर्गात आणि घरात सारख्याच आवाजात सांगायची.

तिला निष्ठुर म्हणणारे होते. चार वर्षांपूर्वी सासूबाई, सौदामिनीबाई, गेल्या तेव्हा तेरावं झाल्यावर आठ दिवसांत वर्षाराणीनं त्यांचं कपाट रिकामं केलं होतं. साड्या वाटल्या, चष्मा दवाखान्यात दिला, अर्धवट राहिलेली औषधं टाकून दिली. "नांदेडकडची हाय, हिला कशाची माया," असं भावकीतल्या बायका बोलल्या, ते तिच्या कानावर आलं. ती बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली. रडताना नळ मात्र सोडला नाही, कारण घर लातूरचं होतं. बाहेर आली तेव्हा सासरे उद्धवराव दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "बरं केलंस. कपाट उघडलं की ती दिसायची." तेव्हापासून आपला हात चांगला आहे, यावर तिचा पक्का विश्वास बसला.

आता घरात हात न फिरलेली एकच जागा उरली होती, मागची खोली. त्या खोलीत पाणी राहायचं. दोनशे लिटरचे नऊ निळे ड्रम भिंतीला लागून ओळीनं उभे, त्यांच्यापुढं वीस-वीस लिटरचे कॅन, वर फळीवर हंडे आणि कळश्या. नळाला पाणी आठव्या-दहाव्या दिवशी यायचं, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. त्यामुळं गल्लीत प्रत्येक घरात अशी एखादी खोली किंवा निदान एखादा कोपरा होताच. पण इतक्या शिस्तीची खोली दुसरीकडं नव्हती, कारण ती उद्धवरावांच्या ताब्यात होती.

उद्धवराव पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर कागदावरचं पाणी सांभाळलं, आता खरं सांभाळतो, असं ते स्वतःच सांगत. प्रत्येक ड्रमवर रंगानं आकडा आणि आकड्याखाली खडूनं भरल्याची तारीख. एक नंबर तळाला गेल्याशिवाय दोन नंबरचं झाकण उघडायचं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासात. नळ यायची वेळ पालिकेलाही नीट सांगता यायची नाही, पण उद्धवरावांना कळायची. पाइपात हवा फुसफुसली की ते अंथरुणात उठून बसत आणि पुढच्या दोन तासांत नऊ ड्रम, बावीस कॅन आणि फळीवरची सगळी भांडी काठोकाठ भरून मगच चहा घेत.

वर्षाराणी अर्धापूरची, केळीच्या गावची, कालव्याच्या पाण्यात वाढलेली. सतरा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं अंघोळीला तीन बादल्या घेतल्या. उद्धवराव दाराबाहेरून म्हणाले होते, "पोरी, गोदावरी तिकडं नांदेडात राहिली बरं का." त्या दिवशी सुरू झालेलं भांडण अजून मिटलं नव्हतं. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. मामा, तुम्हीही नायगावचे, म्हणजे नांदेड जिल्ह्याचेच, असं ती सुनवायची. "व्हतो," ते म्हणायचे, "पर लातूरच्या नळानं सुधरलो." दोघांपैकी कुणीच कधी हरलं नाही, आणि आनंदराजला वाटायचं की दोघांनाही ते भांडण मिटवायचं नव्हतं.

मग गेल्या दिवाळीत पोर्चखाली बारा हजार लिटरचा हौद बांधला गेला. नळाला पाणी आलं की ते आपोआप हौदात पडायचं, हौद भरला की आतला चेंडू वर येऊन पाणी बंद करायचा, आणि बटण दाबलं की गच्चीवरच्या टाकीत चढायचं. कुणी उठायचं कारण उरलं नाही. उद्धवराव तरीही उठत आणि ड्रम भरत. जुनं पाणी झाडांना घालत, नवी तारीख लिहीत. घरातल्या वापराला त्यातलं तांब्याभर पाणीही लागत नव्हतं.

त्यात वैष्णवीची दहावी झाली. जूनपासून अकरावी सुरू होणार होती, आणि लातुरात अकरावीच्या पोरीला स्वतःची खोली असलीच पाहिजे, हे वर्षाराणीला कुणी शिकवायची गरज नव्हती. मे महिन्यातल्या एका रविवारी सगळे पोहे खात असताना तिनं विषय काढला. ड्रम भंगारात जाणार नाहीत, हेही तिनं आधीच जमवून ठेवलं होतं. तिचा भाऊ बालाजी अर्धापूरला केळी लावायचा. शेण-गोमूत्राचं जीवामृत कालवायला त्याला असे ड्रम हवेच होते. त्याचा टेम्पो दर मंगळवारी केळी घेऊन लातूरच्या बाजारात यायचा आणि रिकामा परत जायचा. एका फेरीत चार ड्रम बसले असते.

उद्धवरावांनी बशी खाली ठेवली. "खोली पोरीला दे. ड्रम बी ने," ते म्हणाले. "फकस्त शेवटचा ड्रम गेला की म्या नायगावला जाईन. श्रीमंताकडं राहीन."

श्रीमंतराव म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, गावाकडं शेती बघणारा. वैष्णवी आईकडं बघायला लागली. आनंदराज पाण्याचं निमित्त करून उठला. नंतर स्वयंपाकघरात येऊन तो हळूच म्हणाला, "राहू दे ना ती खोली. वैष्णवी हॉलमध्ये बसंल."

"कुठं जात नाहीत ते," वर्षाराणी म्हणाली. "रुसलेत. चार दिवसांत येतील ताळ्यावर."

मामांनी जावं असं तिला वाटत असतं तर गोष्ट निराळी होती. तसं मुळीच नव्हतं. या घरात तिच्याशी बरोबरीनं वाद घालणारा तो एकच माणूस होता आणि तिचा त्यांच्यावर जीव होता. पण वाद जिंकायचा तर अख्खा जिंकायचा, अशी तिची सवय. खोलीही मिळवायची आणि मामांनाही जाऊ द्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं, आणि एकदा ठरवलं की ते झालंच असं ती धरून चालायची.

सोमवारी संध्याकाळी ती वही घेऊन मागच्या खोलीत गेली. एकेका ड्रमासाठी भांडावं लागेल, म्हणून तयारीनंच गेली होती. एक नंबरच्या ड्रमावर हात ठेवून तिनं विचारलं, "हौद झाल्यापासून यातलं पाणी घरात वापरलं?"

"न्हाई."

"मग?"

"मग ने," उद्धवराव म्हणाले.

दोन नंबरलाही तेच झालं. तीन नंबरपाशी मात्र ते जरा थांबले. "दुष्काळात रेल्वेनं पाणी आलं त्या साली घेतला व्हता हा. दोघं चौघं मागं लागली व्हती ह्याच्या. तेव्हा ड्रम मिळत नव्हते बाजारात." वर्षाराणी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. आता म्हणतील राहू दे, असं तिला वाटलं. त्यांनी खिशातला रुमाल काढला, ड्रमावरची खडूची तारीख पुसली आणि म्हणाले, "ने ह्याला बी."

इतक्या सहज कुणी ऐकलं की वर्गात ती सावध व्हायची. इथं झाली नाही. आपलं म्हणणं पटलं, एवढंच तिला वाटलं.

मंगळवारी टेम्पो आला. सोमेश नावाचा मिशीवाला ड्रायव्हर होता. उद्धवरावांनी चारही ड्रम स्वतः घासून, उन्हात उपडे घालून ठेवले होते. झाकणं वेगळी बांधून दिली. "उन्हात ठेवू नका म्हणावं बालाजीला. चिरतेत. अन् चार नंबरचं झाकण उलट्या आट्याचं हाय, जोर लावला तर तुटंल," असं त्यांनी सोमेशला दोनदा सांगितलं. सोमेशनं दोनदा मान हलवून हाव म्हटलं. टेम्पो वळून गेल्यावर उद्धवराव थोडा वेळ फाटकापाशी उभे राहिले, मग आत आले आणि जेवले. वर्षाराणीनं नवऱ्याला डोळ्यांनीच सांगितलं, बघितलंस?

पुढच्या आठवड्यात तर नवलच घडलं. उद्धवराव स्वतःचं सामान काढायला लागले. रेडिओ शेजारच्या उमाशंकरना देऊन टाकला. निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ जवळच्या शाळेच्या शिपायाला दिलं. सायकल गेली. पलंगाखालची पत्र्याची पेटी उघडून तिच्यातली कागदपत्रं त्यांनी चाळली, दोन-चार ठेवली आणि बाकीची फाडली. जाड लोकरी कोट बाहेर आला आणि तो कुणाला द्यावा, हे त्यांनी वर्षाराणीलाच विचारलं. तिला इतका आनंद झाला की क्लासच्या स्टाफरूममध्ये तिनं ही बातमी मंजुश्री मॅडमना मीठमसाला लावून सांगितली. "बहात्तर वर्षांचा माणूस सुधारला माझ्या हाताखाली," ती म्हणाली. मंजुश्री मॅडमनी आपल्याही सासऱ्यांना आठवडाभर पाठवू का, असं विचारलं.

दुसऱ्या मंगळवारी आणखी चार ड्रम गेले. कॅन गल्लीत वाटले गेले. वैष्णवी टेप घेऊन खोलीत शिरली, टेबल कुठं आणि पुस्तकांची फळी कुठं याच्या खुणा भिंतीवर करून आली. जाता जाता तिनं आईला विचारलं, "आजोबा खरंच जातील का गं?"

"नाही," वर्षाराणी म्हणाली. "जाणारा माणूस असा शांत असतो का?"

शुक्रवारी पहाटे नळ आला. वर्षाराणीला जाग आली ती फाटकाच्या आवाजानं. खिडकीतून बघते तर उद्धवराव पोर्चमध्ये उभे. हौदाचं झाकण किंचित उचलून त्यांनी आत पडणारं पाणी ऐकलं आणि झाकण परत ठेवलं. नंतर पायरीवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. मागच्या खोलीतला एकच ड्रम तेवढा त्यांनी आधीच भरला होता. बाकी करायला काही नव्हतं. दीड तासानं पाणी आपोआप बंद झालं, तेव्हा ते उठून आत आले. हा माणूस खरंच जाईल की काय, असं वर्षाराणीच्या मनात पहिल्यांदा आलं. पण सकाळी आठची बॅच होती आणि तिनं तो विचार तिथंच सोडला.

सोमवारी, म्हणजे शेवटचा ड्रम जायच्या आदल्या दिवशी, ती क्लासवरून दुपारी परत आली. उद्धवराव डोळ्यांत थेंब घालून पडले होते आणि त्यांच्या कपाटातली औषधाची दुसरी बाटली त्यांना हवी होती. तिनं कपाट उघडलं. वरचा कप्पा रिकामा, मधला रिकामा. खालच्या कप्प्यात औषधं, एक टॉवेल, आणि त्याच्या शेजारी कॅनव्हासची पिशवी, चेन लावलेली. सगळं कपाट झाडून, ओल्या फडक्यानं पुसून काढलं होतं. तिनं स्वतः काढलं असतं तरी इतकं स्वच्छ निघालं नसतं.

"मामा, हे काय?"

"पिशवी," ते डोळे मिटूनच म्हणाले.

"ते दिसतंय. कशासाठी?"

"सांगितलं व्हतं की. उद्या ड्रम जाईल. त्याच टेम्पोत बसतो. सोमेश नांदेडला सोडंल, तिथून यष्टी हाय नायगावला. श्रीमंताला फोन झालाय."

ती पलंगाच्या कडेला बसली. "माझ्यावर इतका राग धरला?"

आता त्यांनी डोळे उघडले. थेंबांमुळं ते लाल झाले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "राग कशाचा? तुझा नियम मला पटला, वर्षा. खरंच पटला. आधी खामखा वाटायचा. पर ड्रम गेले, रेडिओ गेला, काई बिघडलं न्हाई. घर हलकं वाटून राहिलं. मग म्या म्हणलं, हाच नियम आपल्याला लावून बघावा. हौद झाल्यापास्नं मला कुणी कशासाठी हाक मारली? पाणी आपसूक येतं. भाजी आनंद आणतो. पोरीचा अभ्यास मला समजत न्हाई. सकाळी उठतो अन् तुमच्या वाटंत खुर्ची टाकून बसतो. तूच सांग, नियमात कुठं बसतो म्या?"

"नियमात माणसं नसतात, मामा."

"आसं कसं? नियम माणूस बघून बदलत न्हाई, हे तूच म्हणतीस की."

रागावून जाणाऱ्याला अडवता येतं. रडणाऱ्याची समजूत काढता येते. हा माणूस तिचंच म्हणणं पटलं म्हणून चालला होता, आणि दोन आठवडे तिनं त्याचं कौतुक केलं होतं. रेडिओ दिला तेव्हा केलं, सायकल दिली तेव्हा केलं. प्रत्येक वेळी तो माणूस स्वतःला या घरातून थोडं थोडं काढत होता आणि ती त्याची पाठ थोपटत होती. तिला स्वतःचीच शरम वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. उद्या संध्याकाळी ही खोली या कपाटासारखीच स्वच्छ आणि रिकामी असेल.

घाबरली की वर्षाराणी चिडायची. ती ताडकन उठली आणि मागच्या खोलीत गेली. मोकळ्या खोलीत नऊ नंबरचा ड्रम एकटाच उभा होता. तिनं झाकण काढलं, बादली बुडवली आणि पाणी सरळ मोरीत ओतलं. भांडी नाही, कपडे नाहीत, नुसतं स्वच्छ पाणी मोरीत ओतायचं, हे त्या घरात कधी झालं नव्हतं. दुसरी बादली भरली तोवर उद्धवराव भिंतीला धरत धरत दारात पोचले.

"ए, ए, काय करून राहिलीस? ते नको."

"का नको? उद्या जायचाय ना हा?"

"जाऊ दे की. पर आज रिकामा करू नको. उद्या टेम्पो दारात लागला की मग बघू. तवर भरलेला राहू दे."

"हौद भरलेला आहे, टाकी भरलेली आहे. यातलं पाणी शेवटचं कधी वापरलं आपण?"

"वापरलं न्हाई."

"या वर्षी नाही. त्याच्या आधी?"

"कधीच न्हाई," उद्धवराव म्हणाले. "राखीव हाय तो. आठातच भागवायचं. नळ आला की याचं पाणी आधी झाडाला घालायचं अन् भरायचा बी ह्योच पहिला."

बादली तिच्या हातात तशीच राहिली. सतरा वर्षं या घरात काढून तिला हे ठाऊक नव्हतं. एरवी आठवा ड्रम संपायच्या आत नळ येतो, एवढंच तिनं बघितलं होतं. नववा ओळीत आहे म्हणजे त्याचीही पाळी कधीतरी लागत असेल, असं तिनं गृहीत धरलं होतं.

"रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात पण नाही?"

"त्या उन्हाळ्यात बी न्हाई. आठवा पार तळाला गेला व्हता. सौदामिनी म्हणली, उघडा आता. म्या म्हणलं, आजचा दिवस काढू. दुसऱ्या दिवशी गल्लीत टँकर आला."

"मग मामा, इतकी वर्षं भरला कशाला? कधी उघडलाच नाही, तर याचा उपयोग काय झाला?"

उद्धवरावांनी तिच्याकडं असं बघितलं, जसं वर्गात ती पहिल्या बाकावरच्या, सोपं गणित चुकवणाऱ्या पोराकडं बघायची. "उपयोग म्हंजी? अगं, हा हाय म्हणून तर बाकीचे आठ उघडता आले. हा नसता तर पहिल्याच ड्रमाला हात लावताना जीव खालीवर झाला असता. वैष्णवी तेव्हा पाच-सहा वर्सांची. गोवर झाला व्हता पोरीला, दिवसातून तीनदा अंग पुसायचीस तू. एकदा तरी कुणी तुला म्हणलं का, पाणी जपून वापर? कशाच्या भरवशावर म्हणलं न्हाई? म्या निवांत पडायचो ते ह्याच्याच भरवशावर. ह्याला उघडायची येळ आली न्हाई, ह्योच तर ह्याचा..."

बोलता बोलता त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर गेली आणि वाक्य अर्धंच राहिलं.

तिनं बादली खाली ठेवली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

"थांबलात का मामा? पुरं करा की."

उद्धवरावांनी उंबऱ्याला टेकून बसून घेतलं. मग म्हणाले, "वकील व्हायला पाहिजे व्हतीस तू."

"मी कुणाला भीत नाही," ती म्हणाली. "दोनशे पोरांच्या वर्गाला भीत नाही, तुमच्या भावकीला भीत नाही. मनात आलं की घरातलं काढते, कुणाला विचारत नाही. सगळे म्हणतात, केवढी धीट बाई आहे. मामा, मी हे कशाच्या भरवशावर करते, सांगा ना. तुम्ही मला कधी काही देता का? काही आणता का? काही नाही. नुसते असता. तुम्ही नसाल तर मला पुढचं कपाट उघडायचा धीर होणार नाही."

हे तिनं याआधी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. उद्धवरावांनी मान खाली घातली. धोतराचा सोगा हातात घेऊन त्यांनी डोळे पुसले. थेंबांचं औषध उतरतंय, असं पुटपुटले. औषध घालून आता अर्धा तास होऊन गेला होता.

मग ते भिंतीला धरून उठले. "मोरीत वतू नको," ते म्हणाले. "झाडाला घाल."

दोघांनी मिळून ड्रम रिकामा केला. ती भरून द्यायची आणि ते अर्धी-अर्धी बादली घेऊन जायचे. लिंबाला घातलं, शेवग्याला घातलं. अंगणातली झाडं संपली तेव्हा उमाशंकरांच्या कुंपणातून त्यांच्या जास्वंदीला घातलं. उमाशंकर खिडकीतून बघत होते आणि रेडिओ चालू होता. ड्रम हलका झाल्यावर उद्धवरावांनी तो आडवा केला, आतून हात फिरवला, बाहेरची तारीख पुसली आणि अंगणात उन्हाला उपडा घातला. खोली रिकामी झाली. वर्षाराणीनं फरशीवर पोतेरं फिरवलं. भिंतीवरच्या वैष्णवीच्या खुणा तेवढ्या राहिल्या.

"उद्या सोमेशला सांग, वाळल्याबिगर झाकण लावू नको म्हणावं," ते म्हणाले. "अन् श्रीमंताला फोन लाव. त्यानं खाट काढून ठेवली आसंल माझ्यासाठी."

"तुम्हीच लावा की."

"मला न्हाई जमायचं. तू बोल."

तिनं हात पुसले आणि फोन लावला. उद्धवराव अगदी जवळ येऊन उभे राहिले, म्हणून तिनं आवाज मोठा केला. पलीकडून श्रीमंतराव बोलले. खाट खरंच काढली होती, ढेकूण नकोत म्हणून उन्हात टाकली होती, आणि दादा किती वाजेपर्यंत पोचंल, हे त्यांना हवं होतं.

"काका, मामा येत नाहीत," ती म्हणाली.

"आता कामून? तिथं काई काम निघालं का दादाचं?"

तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते.

"नाही काका, काम काहीच नाही," वर्षाराणी म्हणाली. "ते इथंच राहणार आहेत."